वर नेणारा बाण कसा घडतो

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. सुरुवातीला पुढच्या काही दिवसांचा अंदाज असतो: पाऊस कधी, कोणत्या जिल्ह्यात, वारा किती. मग सोयाबीन, कापूस, तूर, ऊस, हळद. त्याखाली संत्रा-मोसंबी आणि डाळिंब, मग भाजीपाला, फुलशेती, जनावरं आणि तुतीची रेशीमशेती. शेतीच्या बातम्या देणारी संकेतस्थळं हा सल्ला बहुतेकदा एका पानावर सलग छापतात. जिंतूर किंवा पालमकडचा एखादा शेतकरी मोबाइलवर ते पान अंगठ्याने सरकवत भाजीपाल्यापर्यंत येतो. तिथे सांगितलेलं असतं की फवारणी पावसाची उघडीप पाहून करावी. उघडीप नेमकी कोणत्या दिवशी आहे? ते तर पार वर, पहिल्या परिच्छेदात राहिलं. मग अंगठा उलटा फिरू लागतो. पान मधेच अडतं, जाहिरात आडवी येते, चुकून तिच्यावर बोट पडतं आणि भलतंच काहीतरी उघडतं.

पडद्याच्या कोपऱ्यात वर टोक असलेला एक लहानसा बाण असला तर हेच काम एका बोटात होतं. तो बाण आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण काही पानांवर तो असतो, काहींवर नसतो. कुठे दाबूनही पान हलत नाही, कुठे तो वाचायच्या ओळीवरच ठाण मांडून बसतो. इतकी साधी वस्तू सगळीकडे सारखी का चालत नाही? या प्रश्नाचं उत्तर बाणाच्या आत डोकावल्याशिवाय मिळत नाही. आणि आत डोकावलं की लक्षात येतं, ही वस्तू दिसते तितकी साधी नाही.

पान सरकतं म्हणजे काय होतं

मोबाइलवरचा ब्राउझर, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स किंवा सफारी, सगळं पान मनात उभं-लांब मांडून ठेवतो. आपल्याला दिसतो तो त्यातला पडद्याएवढा तुकडा. कोणता तुकडा दाखवायचा हे ब्राउझर एका आकड्यावरून ठरवतो: पानाच्या माथ्यापासून आपण किती खाली आलो आहोत. हे अंतर पिक्सेलमध्ये मोजतात. पिक्सेल म्हणजे पडद्यावरच्या मापाचं छोटं एकक. अगदी वर असताना हा आकडा 0 असतो. पडद्याची उंची 800 पिक्सेल धरली, तर बारा पडदे लांब पानाच्या शेवटच्या पडद्यावर तो 8,800 च्या घरात जातो. आपण अंगठा फिरवतो तेव्हा हाच आकडा वाढतो किंवा कमी होतो, आणि ब्राउझर त्याप्रमाणे तुकडा बदलतो.

तेव्हा ‘वर जा’ या आज्ञेचा अर्थ इतकाच, की तो आकडा 0 करा. आयफोनवर पडद्याच्या अगदी वरच्या पट्टीला, जिथे वेळ दिसते तिथे, बोट लावलं की हेच होतं. संगणकाच्या कीबोर्डवर ‘होम’ ही कळ हेच करते. साध्या अँड्रॉइड फोनवर मात्र अशी ठरलेली जागा नाही, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तोच फोन आहे. म्हणून आपल्या वाचकाला हा बाण जास्त लागतो.

मराठी पानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वेलांटी, मात्रा, रफार यांना वर आणि उकार, ऋकार, जोडाक्षरांना खाली जागा द्यावी लागते. ओळी दाटीने बसवल्या तर त्या एकमेकींत अडकतात. म्हणून नीट मांडलेलं मराठी पान मुळातच उंच होतं.

एका चिन्हात होणारं काम

वर जाण्याचा सगळ्यात जुना उपाय एक साधा दुवा आहे, म्हणजे लिंक. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये दुव्याचा पत्ता म्हणून फक्त हॅशचं चिन्ह लिहिलं, किंवा हॅश लिहून पुढे ‘टॉप’ हा शब्द लिहिला, तर ब्राउझर पानाच्या माथ्यावर जातो. हा नियम एचटीएमएलच्या मानकातच आहे. त्यासाठी प्रोग्रॅमची एकही ओळ लागत नाही, आणि अगदी जुन्या फोनवरही तो चालतो.

मग आणखी काही करायची गरज का पडते? कारण या दुव्याच्या काही अडचणी आहेत. तो दाबला की पत्त्याच्या पट्टीत हॅश चिकटतं आणि ब्राउझर ती एक नवी भेट म्हणून नोंदवतो. वाचकाने नंतर मागे जाण्याची कळ दाबली तर तो आधीच्या पानावर न जाता याच पानाच्या तळाशी परत येतो. शिवाय हा दुवा जिथे लिहिला तिथेच असतो, साधारणपणे लेखाच्या शेवटी. मधेच, सोयाबीन आणि हळदीच्या दरम्यान, वर जावंसं वाटलं तर त्याचा उपयोग नाही. एकदम उडी बसल्यामुळे आपण कुठून कुठे आलो हेही काही वाचकांना कळत नाही.

तरंगणारा बाण या अडचणींतून आला. पानाच्या सजावटीची भाषा सीएसएस. तिच्यात एखाद्या वस्तूला ‘फिक्स्ड’ म्हटलं की पान कितीही सरकलं तरी ती पडद्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात राहते. बाण दाबल्यावर आकडा 0 करण्याचं काम जावास्क्रिप्ट या भाषेतली एक आज्ञा करते. आज्ञा एका ओळीची आहे, आणि अनेक जण ती ओळ लिहून काम संपलं असं समजतात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

दिसावा कधी, बसावा कुठे

पान उघडल्या उघडल्या बाण दाखवण्यात अर्थ नाही, कारण आपण वरच असतो. वाचक बराच खाली गेला की तो दिसायला हवा. संकेतस्थळांच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या निल्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेचा सल्ला आहे की चार पडद्यांहून लांब पानावरच असा बाण द्यावा. मला तो पटतो. दोन पडद्यांच्या सूचनेवर बाण लावणं म्हणजे वाचकाच्या छोट्या पडद्यातली जागा विनाकारण खाणं.

पण वाचक ‘बराच खाली’ गेला हे बाणाला कळणार कसं? पूर्वीची पद्धत अशी: पान जरा जरी हललं की ब्राउझर हाक देतो, आणि प्रत्येक हाकेला प्रोग्रॅम तो आकडा तपासतो. पडदा सहसा सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगवला जातो, म्हणजे एका वेळेसाठी ब्राउझरच्या हाती साधारण 16 मिलिसेकंद असतात. त्या वेळात पान सरकवायचं, अक्षरं रंगवायची, आणि वर या हाकांना उत्तर द्यायचं. प्रोग्रॅम निष्काळजीपणे लिहिलेला असेल तर स्वस्तातल्या फोनवर पान अडखळत सरकतं. त्याचं खापर वाचक फोनवर किंवा रेंजवर फोडतो.

नवी पद्धत शांत आहे. पानाच्या वरच्या भागात, काही पडदे उंचीची, एक अदृश्य खूण ठेवायची आणि ब्राउझरला सांगायचं: ही खूण पूर्ण नजरेआड झाली की एकदा कळव, पुन्हा दिसू लागली की एकदा कळव. मधल्या काळात प्रोग्रॅम काहीच करत नाही. या सोयीचं नाव ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’. 2016 मध्ये ती क्रोममध्ये आली आणि 2019 पासून सफारीतही आहे.

जागेचा प्रश्नही सोपा नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याला खालचा उजवा कोपरा जवळ पडतो, म्हणून बहुतेक जण बाण तिथे बसवतात. पण त्याच कोपऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपचं चिन्ह, गप्पांची खिडकी आणि जाहिरातीची पट्टीही येऊन बसतात. काही फोनवर पडद्याच्या तळाशी हाताच्या खुणांसाठी राखलेली पट्टी असते. तिथे बाण गेला तर दाबताना भलतंच होतं. आकाराचंही माप ठरलेलं आहे. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष ‘डब्ल्यूसीएजी’ नावाने ओळखले जातात. त्यांची 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये आली. त्यात दाबायच्या वस्तूसाठी किमान 24 बाय 24 पिक्सेल आणि वरच्या पातळीसाठी 44 बाय 44 पिक्सेल सांगितले आहेत. शेतात काम केलेल्या, ओल्या किंवा मातीच्या बोटांसाठी मी 44 च्या खाली जाणार नाही.

आणि छपाई! आपल्याकडे पान वाचून संपत नाही, महा ई-सेवा केंद्रात त्याची प्रिंट काढली जाते. ‘फिक्स्ड’ वस्तू छापताना प्रत्येक कागदावर उमटते. सात पानी अर्जाच्या सातही कागदांवर, रकान्यांच्या मधोमध, काळा बाण. छापताना बाण लपवायचा ही सीएसएसची दोन ओळींची सूचना आहे, पण ती आठवणीने द्यावी लागते.

अलगद की झटकन

पान माथ्याकडे अलगद सरकत गेलं तर डोळ्यांना बरं वाटतं, आणि आपण वर चाललो आहोत हेही कळतं. ब्राउझरला ‘स्मूद’ असं सांगितलं की तो तसं करतो. सफारीत ही सोय बरीच उशिरा, 2022 मध्ये आली.

हीच अलगद हालचाल काही माणसांना त्रास देते. कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिचा विकार असलेल्यांना पडद्यावर मोठा मजकूर वेगाने सरकताना दिसला की गरगरतं, मळमळतं. चक्कर येणारी एखादी आजी नातवाच्या फोनवर पाककृती वाचत असेल तर बारा पडद्यांचा मजकूर डोळ्यांसमोरून धावत जाणं तिच्यासाठी शिक्षा आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत हालचाल कमी करण्याची सेटिंग आहे, आणि ती लावलेली आहे का हे वेबपानाला विचारता येतं. लावलेली असेल तर अलगद न जाता एकदम वर जायचं. हे विचारणं बहुतेक वेळा आपोआप होत नाही, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते मुद्दाम लिहावं लागतं.

नजर वर, फोकस खाली

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे, म्हणून जरा थांबून सांगतो.

जी माणसं माउस किंवा बोट वापरू शकत नाहीत ती कीबोर्डवर टॅबची कळ दाबत एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जातात. ज्यांना दिसत नाही ती स्क्रीन रीडर वापरतात. हा प्रोग्रॅम पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. संगणकावर एनव्हीडीए आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक हे त्यातले मोफत मिळणारे. या दोन्ही पद्धतींत पानावर आपण सध्या ‘कुठे’ आहोत याची एक जागा ब्राउझर लक्षात ठेवतो. तिला फोकस म्हणतात.

आता काय होतं पाहा. वाचकाने बाणावर फोकस नेला, दाबला, पान वर गेलं. दिसणारा तुकडा बदलला, पण फोकस बाणावरच राहिला, आणि पानाच्या क्रमात बाण बहुधा अगदी शेवटी असतो. वाचक पुढची टॅब दाबतो आणि शीर्षकाजवळच्या दुव्याऐवजी तळटीपेत जाऊन पडतो. त्याहून वाईट असं, की वर गेल्यावर बाण स्वतःला लपवतो, आणि ज्यावर फोकस होता तीच वस्तू नाहीशी होते. डोळस माणसाच्या दृष्टीने काम झालं. अंध वाचकाच्या दृष्टीने तो पानात हरवला.

उपाय असा, की पान वर नेताना फोकसही सोबत न्यायचा. शीर्षकाला फोकस घेता येईल अशी सूचना द्यायची, आणि बाण दाबला की फोकस तिथे ठेवायचा. मग स्क्रीन रीडर शीर्षक वाचतो आणि वाचकाला आपण कुठे आलो ते समजतं. बाणाला नावही द्यावं लागतं. नुसतं चित्र असेल तर स्क्रीन रीडर फक्त ‘बटण’ म्हणतो. ‘पानाच्या सुरुवातीला जा’ असं नाव दिलं, आणि पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये नोंदवलं, म्हणजे ते मराठी उच्चारात वाचलं जातं.

चौकट: स्वतः तपासा

कोणतंही लांब पान उघडा आणि पाच पडदे खाली जा. बाण दिसला का, आणि त्याने मजकूर झाकला का? तो दाबून वर या आणि मग मागे जाण्याची कळ दाबा. आधीच्या पानावर जायला हवं, याच पानाच्या तळाशी नव्हे. फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग लावा आणि पुन्हा दाबा. संगणकावर फक्त टॅब आणि एंटर वापरून तेच करा. वर आल्यानंतरची पहिली टॅब कुठे जाते ते पाहा. शेवटी छपाईपूर्वीचं दृश्य उघडून बाण कागदावर उमटतो का ते बघा. यांतल्या एखाद्या ठिकाणी बहुतेक बाण नापास होतात.

स्टार्टरची पेटी

एवढ्या बारीकसारीक गोष्टी एका बटणात आहेत. आता विचार करा, परभणी शहरातला एक तरुण वेब डिझायनर सेलूच्या शाळेचं, मानवतच्या जिनिंगचं, गंगाखेडच्या पतसंस्थेचं आणि एखाद्या ग्रामपंचायतीचं संकेतस्थळ एकट्याने बनवतो. प्रत्येक वेळी हे सगळं नव्याने लिहायला त्याला वेळ नसतो. तो आधीच्या कामातला तुकडा उचलून इथे चिकटवतो. इथला रंग बदलतो, तिथलं माप बदलतो, आणि चार संकेतस्थळांवर चार वेगळे बाण तयार होतात. एकात चूक सापडली तरी ती उरलेल्या तिन्हींत तशीच राहते.

यावर वेबने काढलेला मार्ग समजायला विहिरीवरचा मोटर स्टार्टर डोळ्यांसमोर आणा. पेटी बंद असते. बाहेर हिरवं बटण, लाल बटण. आत कॉन्टॅक्टर, कॉइल, रिले, तारांची गुंतागुंत. शेतकरी ते उघडून बघत नाही, त्याला बघावं लागत नाही. दुकानातून आणलेली पेटी कोणत्याही विहिरीवर, कोणत्याही कंपनीच्या मोटरीला लावता येते. मोटर तीन एचपीची की पाचची, त्याप्रमाणे ओव्हरलोड रिलेची खुंटी तेवढी ठरलेल्या आकड्यावर फिरवायची. पेटी कारखान्यात एकदा नीट घडवली की हजारो विहिरींवर तीच काळजी पोचते.

वेबमध्ये अशा पेटीला ‘वेब कंपोनंट’ म्हणतात. ही कल्पना तेव्हा गूगलमध्ये काम करणारे अ‍ॅलेक्स रसेल यांनी 2011 मध्ये जाहीरपणे मांडली. पहिल्या आराखड्यावर ब्राउझर कंपन्यांचं एकमत झालं नाही. सुधारलेली आवृत्ती 2016 मध्ये क्रोममध्ये, 2018 मध्ये फायरफॉक्समध्ये आली, आणि जानेवारी 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर क्रोमच्या पायावर नव्याने उभा राहिल्यावर तिथेही पोचली. आज ती सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

या पेटीचे तीन भाग आहेत. पहिला ‘कस्टम एलिमेंट’. एचटीएमएलमध्ये परिच्छेदासाठी, चित्रासाठी, बटणासाठी ठरलेले टॅग असतात. तसाच आपला स्वतःचा टॅग बनवता येतो. समजा त्याचं नाव ‘बॅक-टू-टॉप’. नावात आडवी रेघ असलीच पाहिजे असा नियम आहे. एचटीएमएलच्या स्वतःच्या टॅगमध्ये अशी रेघ नसते, त्यामुळे उद्या मानकात नवा टॅग आला तरी आपल्या नावाशी त्याची टक्कर होत नाही. नावाचं पहिलं अक्षर रोमन लिपीतलं लहान अक्षर लागतं, पुढे देवनागरी चालते.

दुसरा भाग ‘टेम्प्लेट’, म्हणजे आतला साचा: बाणाचं चित्र, त्याची सजावट, सगळं एकदा लिहून ठेवलेलं.

तिसरा भाग ‘शॅडो डॉम’, आणि पेटीची बंद भिंत ती हीच. ब्राउझर पानातल्या सगळ्या वस्तूंचा जो आराखडा मनात ठेवतो त्याला डॉम म्हणतात. शॅडो डॉम म्हणजे त्याच्या आत, आडोशाला ठेवलेला छोटा स्वतंत्र आराखडा. समजा पतसंस्थेच्या संकेतस्थळावर नियम आहे की सगळी बटणं लाल आणि पूर्ण रुंदीची असावीत. साधा बाण तिथे चिकटवला तर तोही पडदाभर लाल पट्टा होऊन बसतो. शॅडो डॉमच्या आत हा नियम पोचत नाही. उलट दिशेनेही तसंच: बाणाची सजावट बाहेरच्या बटणांना बिघडवत नाही.

पेटी बंद असली तरी खुंटी बाहेर हवी. ते काम टॅगमध्ये लिहिलेले गुणधर्म करतात: किती पडद्यांनंतर दिसायचं, डावीकडे की उजवीकडे, नाव काय वाचायचं. रंगासाठी सीएसएसमध्ये नावं दिलेली मूल्यं असतात, आणि ती भिंतीतून आत जाऊ शकतात. शाळेला निळा बाण हवा तर बाहेरून निळं मूल्य दिलं की झालं, आतल्या तारांना हात लावायचा नाही.

पेटी विहिरीवर लावताना तारा जोडतात, काढताना सोडवतात. कंपोनंटलाही ब्राउझर दोन वेळा सांगतो: तुला पानात बसवलं आहे, आणि तुला पानातून काढलं आहे. बसवल्यावर त्याने अदृश्य खुणेवर लक्ष ठेवणं सुरू करायचं, काढल्यावर बंद करायचं. हे दुसरं काम विसरलं तर पानावर नसलेल्या बाणाची नजर चालूच राहते आणि फोनची मेमरी खाते. पान न बदलता आतला मजकूर बदलणाऱ्या आजच्या संकेतस्थळांवर ही चूक महाग पडते.

या पेटीचा आणखी एक फायदा आहे. वेबपानं बनवण्यासाठी रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, व्ह्यू अशी साधनं वापरतात, आणि एकाचा तुकडा दुसऱ्यात सहसा बसत नाही. कंपोनंट थेट ब्राउझरला कळतो, म्हणून तो या सगळ्यांत चालतो. रिअ‍ॅक्टने त्याला पूर्ण आधार डिसेंबर 2024 च्या 19 व्या आवृत्तीत दिला. काहीच साधन न वापरता हाताने लिहिलेल्या शाळेच्या पानावर तर तो पहिल्यापासूनच चालत आला आहे.

रेंज गेली तर

कंपोनंट चालायला त्याची जावास्क्रिप्ट फाइल फोनपर्यंत पोचावी लागते. गोदाकाठच्या एखाद्या गावात रेंज एका दांडीवर असेल तर मजकूर येतो आणि फाइल अडकते. तेव्हा काय दिसतं?

इथे एचटीएमएलचा एक जुना, उदार स्वभाव कामी येतो. ब्राउझरला एखादा टॅग कळला नाही तर तो चिडत नाही, आतला मजकूर जसाच्या तसा दाखवतो. म्हणून आपल्या टॅगच्या पोटात तोच जुना हॅशचा दुवा, ‘वर जा’ या शब्दांसह, लिहून ठेवायचा. फाइल आली तर कंपोनंट ताबा घेतो आणि त्याच्या जागी तरंगता बाण दाखवतो. नाही आली तर लेखाच्या शेवटी साधा दुवा उरतो, आणि तो चालतो. आधी सगळ्यांना पुरेल अशी साधी सोय करायची आणि तिच्यावर जास्तीची चढवायची, या रीतीवर माझा फार विश्वास आहे. वेगवान फोन आणि कायमची रेंज गृहीत धरून बनवलेलं पान मराठवाड्यात अर्ध्या वाटेवर बंद पडतं.

दुसरी एक अडचण यादीच्या पानांवर येते. परभणी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांची गावनिहाय यादी काही जण एका चौकोनात ठेवतात आणि पानाऐवजी तो चौकोनच आत सरकतो. अशा वेळी पानाचा आकडा आधीच 0 असतो. बाण इमानदारीने तो पुन्हा 0 करतो, आणि वाचकाला वाटतं बटण बिघडलं. पेटी चांगली आहे, पण ती दुसऱ्याच मोटरीला जोडली आहे. चांगल्या कंपोनंटमध्ये म्हणून आणखी एक खुंटी असते: कोणता भाग वर न्यायचा ते सांगण्याची. तरी माझा सल्ला असा, की फोनवर वाचायच्या पानात असे आत सरकणारे चौकोन ठेवूच नयेत.

एक चौकट, अनेक जिल्हे

एकदा घडवून अनेक ठिकाणी बसवण्याचा हा विचार परभणीला नवा नाही. जिल्हा प्रशासनाचं अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, ‘एसथ्रीवास’ या व्यवस्थेवर उभं आहे. त्या लांब इंग्रजी नावात ‘सुगम्य’ हा आपला शब्द मुद्दाम ठेवलेला आहे. महाराष्ट्रातल्या इतर जिल्ह्यांची संकेतस्थळंही त्याच चौकटीतली. म्हणून परभणीचं पान पाहिलेल्या माणसाला हिंगोलीच्या पानावर चुकल्यासारखं होत नाही. सरळ मुख्य मजकुराकडे नेणारा दुवा, अक्षरं लहान-मोठी करण्याची सोय, भाषा बदलण्याची कळ, सगळं ओळखीच्या जागी असतं. तांत्रिक अर्थाने ही चौकट म्हणजे वेब कंपोनंट नव्हे, ती अख्ख्या संकेतस्थळाची आहे. पण काळजी एका जागी घेऊन सगळीकडे पोचवण्याचं तत्त्व तेच.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत, 2009 मध्ये पहिली आणि 2023 मध्ये तिसरी आवृत्ती. दिव्यांगांना पान वापरता यावं ही त्यांतली मोठी अट. या छत्राबाहेर मात्र शाळा, पतसंस्था, बाजारातली दुकानं, छोटी वृत्तपत्रं यांची असंख्य पानं राहतात. त्यांच्यामागे ना एनआयसी असते ना अभियंत्यांची फौज. काही किलोबाइटचा, नीट तपासलेला, मराठी नाव असलेला बाण त्यांच्या हाती देता येईल. परभणीतल्या एखाद्या तंत्रशिक्षणाच्या वर्गाने वर्षभराचा प्रकल्प म्हणून असा कंपोनंट बनवला, अंध वाचकांना सोबत बसवून तपासला आणि मोफत खुला केला, तर दिखाऊ अ‍ॅपच्या दहा प्रकल्पांपेक्षा तो जास्त माणसांच्या कामी येईल असं मला मनापासून वाटतं.

तयार कंपोनंट वापरणाऱ्यांनी मात्र दोन गोष्टी पाळाव्यात. ती फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवरून थेट न ओढता आपल्या संकेतस्थळावर तिची प्रत ठेवावी. तो सर्व्हर बंद पडला तर बाण जातो, आणि कुणी तिथली फाइल बदलली तर आपल्या वाचकांच्या फोनवर परका प्रोग्रॅम चालू लागतो. आणि एका नावाची नोंदणी पानात एकदाच होते. दोन वेगळ्या फायलींनी तेच नाव नोंदवायचा प्रयत्न केला तर ब्राउझर दुसरीला चूक म्हणून थांबवतो. म्हणून नोंदवण्याआधी हे नाव आधीच घेतलेलं आहे का ते विचारणारी एक ओळ त्या फाइलमध्ये असावी, आणि सोबत आवृत्तीचा क्रमांक. उद्या सुधारलेली फाइल आली की जुनी कुठे कुठे बसवली आहे ते त्या क्रमांकावरून शोधता येतं.